गिऱ्हाइकाच्या धंद्यात उतरलेली कंपनी

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवणारी एक वेगळी चिप असते. या चिपांच्या बाजारात एके काळी अमेरिकेतील 'थ्रीडीएफएक्स' कंपनीचा मोठा दबदबा होता. १९९६ मध्ये तिची 'वूडू' चिप आली आणि संगणकावर खेळ खेळणाऱ्यांनी ती डोक्यावर घेतली. कंपनी फक्त चिप विकायची; ती बसवून कार्ड तयार करायचे आणि दुकानापर्यंत पोचवायचे, हे काम डायमंड, क्रिएटिव्ह यांसारख्या कंपन्या करीत.

डिसेंबर १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्सने 'एसटीबी' ही कार्ड बनवणारी कंपनी घेत असल्याचे जाहीर केले. कार्डावरचा नफाही घरातच राहावा, हा हिशेब. कागदावर तो बरोबरच होता. पण सूत विकणाऱ्याने स्वतःच माग टाकले, तर कालपर्यंत त्याच्याकडून सूत नेणारे विणकर काय करतील, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. कार्डवाले 'एनव्हिडिया'कडे वळले. ती चिपच विकत होती, गिऱ्हाइकाशी तिची स्पर्धा नव्हती.

सारा दोष या सौद्याचा नव्हे, हेही आम्ही कबूल करतो. एनव्हिडिया नवा माल झपाट्याने आणी; थ्रीडीएफएक्सच्या चिपा उशिरा आल्या आणि कारखान्याचा खर्च मात्र चालूच राहिला. पण अडचणीच्या काळात माल उचलणारी जुनी गिऱ्हाइके तिने आधीच गमावली होती.

डिसेंबर २००० मध्ये पेटंटे आणि नाममुद्रा एनव्हिडियालाच विकण्याचे ठरले: ७ कोटी डॉलर रोख आणि १० लाख शेअर. ऑक्टोबर २००२ मध्ये थ्रीडीएफएक्सने दिवाळखोरीचा अर्ज केला.