पिकअपचं डिझेल जातं कुठे?

महिन्याला ३,००० किलोमीटर धावणारी पिकअप लिटरला १० किलोमीटर देत असेल, तर डिझेल लागतं ३०० लिटर. ॲव्हरेज १२ वर गेलं की २५०. वाचले ५० लिटर. तीच गाडी १४ वरून १६ वर नेली, तर २१४ लिटरचे १८७ होतात. बचत जेमतेम २७. वाढ दोन्हीकडे दोनचीच! तेव्हा रिकाम्या गाडीने हायवेवर काढलेल्या ॲव्हरेजच्या बढाया राहू द्या. पैसा वाचतो तो भरलेल्या, रखडणाऱ्या फेरीत.

ती फेरी घाटात पाहू. खोपोलीहून खंडाळ्याला चढताना गाडी साधारण ५०० मीटर वर जाते. मालासकट वजन तीन टन धरलं आणि डिझेलमधली एक तृतीयांश ऊर्जा चाकांपर्यंत पोचते असं मानलं, तर निव्वळ उंची गाठायलाच सव्वा लिटर जातं. वर अर्धा टन जादा माल कोंबला की आणखी दोनशे मिली. उतरताना मात्र बरेच ड्रायव्हर गाडी न्यूट्रल करतात, डिझेल वाचतं म्हणून. कॉमन रेल इंजिनात उलटं घडतं. गिअर टाकून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजेक्टर डिझेल सोडणंच थांबवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते सोडावं लागतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, तो धोका वेगळाच.

सपाटीवर हवा आडवी येते. तिचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ६० वरून ८० वर गेलात की ७८ टक्के जास्त. केबिनच्या वर क्रेट रचून ताडपत्री फडफडत ठेवली की त्यात भरच.

टायरमधल्या हवेचा बोलबाला फार, पण अमेरिकी ऊर्जा खात्याच्या ठोकताळ्याप्रमाणे सगळ्या चाकांत १ पीएसआय हवा कमी झाली तर ॲव्हरेज सरासरी ०.२ टक्के घटतं. १० पीएसआय कमी म्हणजे २५० लिटरमागे पाच लिटर. हवा तपासाच, पण चमत्काराची आशा नको.

त्यापेक्षा बाजार समितीच्या रांगेकडे बघा. उभ्या गाडीचं इंजिन तासाला ०.६ लिटर पीत असेल आणि रोज दोन तास चालू राहत असेल, तर २५ दिवसांत ३० लिटर गेले. किलोमीटर शून्य.

पुढच्या फेरीला टाकी फुल करून निघा, माल उतरवल्यावर पुन्हा फुल करा आणि भरलेल्या गाडीचा हिशेब रिकामीपासून वेगळा लिहा.