उथळ पाणी आणि आपण

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण आपण नेहमी दुसऱ्याला लावतो. त्यामुळे उथळपणा हा पाण्याचाच दोष वाटू लागतो. वस्तुतः उथळ म्हणजे कमी खोल, एवढेच. नदी उथळ असते तेथेच पायी पलीकडे जाता येते. भाताचे रोपही उथळ पाण्यातच लावतात. दोष आहे तो उथळाला खोल मानण्यात. ज्या शेअरचा बाजार उथळ, म्हणजे घेणारे-विकणारे मोजकेच, त्याचा भाव थोड्याशा खरेदीनेही उसळतो. त्या उसळीलाच कंपनीचे मोल समजून एखादा नोकरदार आयुष्याची शिल्लक गुंतवतो आणि विकायला जातो तेव्हा गिऱ्हाईक नसते. म्हणीतला इशारा पाण्यासाठी नाही. तो खळखळाट ऐकणाऱ्यासाठी आहे.