दमलेला नायक

मारामारीत नायकाला धाप लागलेली आपल्या पडद्यावर क्वचितच दिसते. दहाजणांना लोळवूनही त्याचा भांग जागच्या जागी! २०१५च्या एप्रिलमध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या 'डेअरडेव्हिल' मालिकेच्या दुसऱ्या भागाने, म्हणजे 'कट मॅन'ने, नेमका हाच समज मोडला.

न्यूयॉर्कच्या हेल्स किचन वस्तीतला अंध वकील मॅट मर्डॉक रात्री काळा मुखवटा चढवून गुंडांशी भिडतो. या भागात तो आपल्याला भेटतो तोच कचऱ्याच्या पेटीत, अर्धमेला. क्लेअर नावाची नर्स त्याला घरी नेऊन वाचवते. मध्येच बालपण येतं: मुष्टियोद्धा बापाच्या चेहऱ्यावरची जखम पोरगा स्वतः शिवतो. पुढे पैसे घेऊन हरायचं ठरलेली लढत बाप जिंकतो आणि जिवाला मुकतो.

शेवटी येतो तो अरुंद बोळ. पळवलेल्या मुलाला सोडवायला मॅट रशियन टोळीच्या अड्ड्यात शिरतो. काही मिनिटांचा हा प्रसंग एकाच सलग शॉटसारखा उलगडतो. कॅमेरा बोळातच पुढे-मागे सरकतो. बरीचशी हाणामारी आजूबाजूच्या खोल्यांत होते, नुसती ऐकू येते. एका दारातून तर चक्क मायक्रोवेव्ह ओव्हन भिरकावला जातो. लोळवलेले गुंड पुन्हा उठतात, मॅट भिंतीला टेकून श्वास घेतो, गुद्दे हुकतात.

'ओल्डबॉय' या २००३च्या कोरियन चित्रपटातल्या बोळातल्या मारामारीशी याची तुलना झाली, ती रास्तच. पण तिथे सूड होता. इथे मॅट पोराला कडेवर घेऊन झोकांड्या खात बाहेर पडतो.