वाजवून घेतलेलं भांडं

टेबलावर जुना टॉवेल पसरायचा, अंगठी आणि घड्याळ काढून बाजूला ठेवायचं, मग फुलदाणी हळूच उपडी करायची. घरी येणारी माणसं भांड्याचा रंग बघतात, तोंड बघतात. विकायला बसलेल्याची नजर आधी बुडाकडे जाते. आज टेबलावर आहे ती सात इंची, निळी, दोन कानांची फुलदाणी. अंगावर लिलीची उठावदार फुलं. बुडावर त्याच मातीत वर आलेली अक्षरं आहेत : रोझव्हिल, यूएसए, १३१-७. यातला १३१ आकाराचा क्रमांक, ७ ही उंची इंचांत. एवढ्यावरून नमुन्याचं नाव कळतं, झेफर लिली, आणि काळही, १९४६.

बूड वाचून झालं की फुलदाणी सरळ करून डाव्या तळहातावर तोलून धरते आणि उजव्या हाताच्या बोटाने टिचकी मारते. पुण्याच्या कुंभारवाड्यात दर मार्चमध्ये आई माठ घ्यायची तेव्हा असंच करायची. बोट वाकवून सांध्याने ठोकायची, कान जवळ न्यायची, तीन-चार माठ परत ठेवायची. खणखणीत वाजला तर घ्यायचा; बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. संगणकाच्या पडद्यावर लिलावात भांडं घेणाऱ्याला हेच करता येत नाही. तो ऑरेगॉनमध्ये बसलेला असतो, नाहीतर टेक्ससमध्ये. त्याच्या वाटची टिचकी मला मारावी लागते आणि ऐकू आलं ते जसंच्या तसं लिहावं लागतं. या धंद्यात मी जे काही शिकले, ते बहुतेक सगळं या एका कामाभोवती आहे.

मी ओहायोत कोलंबसला राहते. इथून पूर्वेला गाडीने तासाभरात झेन्सव्हिल येतं. मस्किंगम नदीकाठच्या या गावाच्या आसपास उत्तम माती होती आणि भट्ट्यांना लागणारं इंधनही जवळ होतं, म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे कारखान्यांची रांग उभी राहिली. सॅम्युएल वेलरचा कारखाना १९४८पर्यंत चालला. रोझव्हिल पॉटरी १८९०मध्ये जवळच्या रोझव्हिल गावात सुरू झाली, काही वर्षांतच झेन्सव्हिलला हलली, नाव मात्र जुन्या गावाचंच राहिलं. रोझव्हिल गावात प्रत्यक्ष नाव गाजलं ते नेल्सन मॅकॉय यांच्या कारखान्याचं. नव्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो आणि चुकीच्या नावाखाली नोंदलेलं भांडं दर आठवड्याला कुठे ना कुठे दिसतं.

सुरुवातीच्या वर्षांत रोझव्हिलची भांडी हाताने रंगवली जात. फ्रेडरिक हर्टन ऱ्हीड हा इंग्रज कलाकार तिथे असताना डेला रॉबिया नावाची मालिका झाली. ओल्या मातीत नक्षी कोरून काढायची, त्यामुळे वेळ फार लागायचा. ती आज मोठ्या लिलावगृहांत जाते, माझ्यासारखीच्या टेबलावर येत नाही. पुढे कारखान्याने साचे धरले. पातळ केलेली माती प्लास्टरच्या साच्यात ओतायची, साचा पाणी शोषून घेतो, भिंतीला माती धरते, उरलेली ओतून टाकायची. फ्रँक फेरेल यांनी या पद्धतीने फळाफुलांचे नमुने एकामागून एक काढले. १९३०च्या दशकात आलेला त्यांचा पाइन कोन कारखान्याचा सर्वांत गाजलेला नमुना ठरला. ही श्रीमंतांच्या कपाटातली वस्तू नव्हती. मोठ्या दुकानांत मिळायची, लग्नात आहेर म्हणून दिली जायची, खिडकीत ठेवली जायची. १९५४मध्ये कारखाना बंद झाला आणि भांडी घरोघरी राहिली.

आता त्या घरांतली माणसं जात आहेत. इथे कुणी वारलं की घर रिकामं करताना दारातच विक्री लावतात, त्याला इस्टेट सेल म्हणतात. शनिवारी पहाटे रांगेत उभं राहायचं, आत गेल्यावर स्वयंपाकघराकडे वळायचं. भांडी ओट्यावर मांडलेली असतात, शेजारी त्या बाईचं लाटणं, चष्मा, औषधांचा डबा. पहिल्यांदा गेले तेव्हा मला तिथे उभं राहवलं नाही. आता राहवतं, पण घाई करणाऱ्यांचा अजूनही राग येतो.

बूड वाचणं ही स्वतंत्र विद्या आहे आणि तिची मजा सिनसिनाटीच्या रूकवुडमध्ये सर्वांत जास्त. मारिया लाँगवर्थ निकोल्स यांनी १८८०मध्ये हा कारखाना काढला. १८८६पासून बुडावर आर आणि पी ही अक्षरं पाठीला पाठ लावून उमटवायला लागले. पुढे दर वर्षी त्याभोवती एक ज्योत वाढवत नेली. १९००पर्यंत चौदा ज्योती झाल्या, मग खाली रोमन आकडे यायला लागले. म्हणजे चौदा ज्योती आणि खाली एकवीसचा रोमन आकडा असेल तर १९२१. शिवाय आकाराचा क्रमांक, मापाचं अक्षर आणि रंगवणाऱ्याची सही. काटारो शिरायामादानी हे जपानी चित्रकार १८८७मध्ये तिथे आले; त्यांची सही जपानी लिपीत असते. ती ओळखू न आलेला विक्रेता तिला नुसता ओरखडा समजू शकतो. आणि कधीकधी या सगळ्यावरून फिरत्या चाकाने खरवडलेली एक फुली असते. कारखान्यानेच तो नग दुय्यम ठरवला होता : झिलईत फोड आला असेल, रंग पसरला असेल. ही फुली फोटोत दाखवली नाही तर ती लबाडी झाली.

अशीच एक गोष्ट आपल्या मुंबईची. सर ज. जी. कलाशाळेत १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली झिलईची भांडी होऊ लागली. सिंधमधली कुंभारकामाची परंपरा आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतली रूपं त्यांत एकत्र आली. बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट हे शब्द बुडावर असलेले नग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ते चार शब्द विक्रेत्याने मथळ्यात घातले तर जगभरातले शोधणारे तिथे येतील. निळसर हिरवी पौर्वात्य फुलदाणी एवढंच लिहिलं तर कुणी येणार नाही. लिलावाच्या संकेतस्थळावर भांडं आधी शब्दांतून सापडतं. कारखाना, नमुना, क्रमांक, रंग, उंची हे मथळ्यात आलंच पाहिजे. सुंदर, दुर्मीळ, अप्रतिम असले शब्द कुणी शोधखान्यात टाकत नाही. ती जागा फुकट जाते.

बुडामुळेच नकलाही पकडता येतात. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात चीनमध्ये बनवलेल्या रोझव्हिलच्या प्रतिकृती अमेरिकेत मोठ्या संख्येने आल्या. नमुने तेच, अंगावरची फुलं तीच. पण उठावाच्या अक्षरांत रोझव्हिल एवढंच, खाली यूएसए नाही. कारखाना १९३९च्या सुमारास उठावाची खूण वापरायला लागला, तेव्हापासून तिच्यात यूएसए असतंच. नियम मात्र तेवढ्याच काळाला लागू : त्याआधीच्या काही भांड्यांवर खूण मातीत आत दाबलेली आहे आणि तिच्यात यूएसए नसतं; काहींवर नुसतं कागदी लेबल असायचं, ते कधीच गळून गेलं. अर्धा नियम पाठ केलेला माणूस खरं भांडं टाकून देतो. म्हणून हात लावून बघावं लागतं. अस्सल नगावर पाकळीची कड बोटाला लागते, रंग पाकळीच्या रेषेत राहतो. नकलेत कडा बुजलेल्या आणि रंग ओघळलेला.

आता किंमत. पूर्वी तिची पुस्तकं निघत. पुस्तकात छापलेला आकडा दुकानदार दाखवायचा आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं. १९९५मध्ये पिएर ओमिड्यार यांनी ईबे सुरू केलं आणि काही वर्षांतच ही पुस्तकं मागे पडली. कॅलिफोर्नियात जे क्वचित दिसायचं ते ओहायोच्या माळ्यांवर डझनांनी होतं, हे सगळ्यांना एकाच पडद्यावर दिसलं. साच्यातून निघालेल्या साध्या नमुन्यांचा भाव पडला, आणि पुढे नव्या पिढीच्या घरांत काचेची कपाटंच उरली नाहीत तेव्हा आणखी पडला. ज्या बायकांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात पुस्तकातल्या भावाने संग्रह जमवला, त्यांच्या मुलांना मी आजचा आकडा सांगते तेव्हा त्यांचे चेहरे उतरतात. ते सांगणं मला आजही जड जातं. खरोखर थोडे असलेले, हाताने घडवलेले नग मात्र टिकले.

म्हणून भाव ठरवताना लोक किती मागतात ते बघायचंच नाही. मागायला काही लागत नाही. तीच फुलदाणी चारशे डॉलर मागत वर्षभर पडून असते. विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी उघडायची, संकेतस्थळ गेल्या ९० दिवसांची दाखवतं. त्यातही रंग जुळला पाहिजे, माप जुळलं पाहिजे, टवका होता की नव्हता हे वाचलं पाहिजे. दोघांनी चढाओढ करून एकदाच वर नेलेला आकडा बाजूला ठेवायचा. झेफर लिलीची ही निळी फुलदाणी निर्दोष असेल तरी शंभर डॉलरच्या आतच जाईल. त्यातले साडेतेरा टक्क्यांच्या आसपास संकेतस्थळ घेतं, तेही टपालखर्चासकट एकूण रकमेवर.

मग लिलाव की ठरावीक किंमत? नेहमी दिसणाऱ्या नमुन्याला मी किंमत लावून ठेवते. लिलाव अशा भांड्यासाठी, ज्याची किंमत मला सांगता येत नाही पण निदान दोघांना ते हवं असेल याची खात्री आहे. या यंत्राची रचना मला फार आवडते. बोली लावणारा आपली कमाल रक्कम यंत्राला गुपचूप सांगून ठेवतो. यंत्र त्याच्या वतीने दुसऱ्या क्रमांकाच्या माणसापेक्षा एक पायरीच वर चढतं. तुम्ही २०० सांगितले आणि दुसऱ्याने १२०, तर भांडं तुम्हाला १२२ डॉलर ५० सेंटला मिळतं. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर किंमत ठरणाऱ्या लिलावाची मांडणी विल्यम विक्री यांनी १९६१मध्ये केली होती. १९९६चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. त्या हिशेबाने आपली खरी कमाल रक्कम एकदा सांगून निवांत बसणं शहाणपणाचं. लोक बसत नाहीत. सहा दिवस भांड्याकडे कुणी फिरकत नाही आणि शेवटच्या दहा सेकंदांत आकडा दुप्पट होतो. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ऑकेनफेल्स यांनी २००२मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावात शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ वाढायची, ईबेवर ठरल्या क्षणी दार बंद व्हायचं. शेवटच्या क्षणाची झुंबड ईबेवर कितीतरी जास्त, आणि ईबेवरही संगणकांपेक्षा जुन्या वस्तूंत जास्त. त्याचं कारण मला पटतं. जाणकाराने लवकर बोली लावली की भांडं अस्सल असल्याची दवंडीच पिटली जाते, म्हणून तो शेवटपर्यंत गप्प राहतो.

पण ही बोली लागायची असेल तर त्या गप्प माणसाचा माझ्या शब्दांवर विश्वास बसायला हवा. सुरुवातीला मी एक कुंडी विकली होती. बघितली होती उजेडात, चारही बाजूंनी. घेणाऱ्या बाईंनी पत्र पाठवलं : कडेपासून दोन इंच केसाएवढी चीर आहे, वाजवल्यावर कळलं. वाजवल्यावर! आईच्या शेजारी उभी राहून लहानपणी बघितलेली गोष्ट मी केलीच नव्हती. पैसे परत केले आणि त्या दिवसापासून नियम झाला. आधी टिचकी. मग बोटाचं टोक कडेवरून सावकाश फिरवायचं. डोळ्याला न दिसणारा टवका कातडीला कळतो. मग खोली काळोखी करून अतिनील दिवा, त्यात डागडुजीचा रंग आणि चिकटवणी मूळ झिलईपेक्षा वेगळी उजळते. झिलईवरचं बारीक जाळं वेगळं सांगायचं, कारण ते भट्टीनंतर झिलई आणि माती वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसल्याने पडतं, बहुतेक जुन्या भांड्यांना असतं, आणि जाणकार त्याचं फारसं मनावर घेत नाही. भट्टीत शेजारच्या भांड्याला चिकटल्याचा डाग वेगळा, नंतर आदळून गेलेला कपचा वेगळा.

प्रत्येक खोटीचा मी जवळून फोटो घेते, शेजारी पट्टी ठेवून. ओळखीचे लोक म्हणतात, एवढं कशाला दाखवतेस, भाव जाईल. माझा अनुभव उलटा आहे. दोन मिलिमीटरचा टवका ज्याने मापासकट सांगितला, त्याच्या पुढच्या निर्दोष या शब्दाला वजन येतं, आणि तेच लोक परत येतात.

शेवटचं काम पेटीचं, आणि एक अख्खा दिवस गेला तरी मी ते घाईत करत नाही. फुलदाणीच्या पोटात मऊ कागद, कानांच्या पोकळीत वेगळा कागद, कारण तुटतात ते कानच. मग बुडबुड्यांचं प्लास्टिक, मग पेटी. ती दुसऱ्या पेटीत, मध्ये चहूबाजूंनी दोन इंच भराव. हलवल्यावर आवाज आला तर सगळं पुन्हा उघडायचं.

झेफर लिली रविवारी रात्री गेली, ८१ डॉलरना. व्हिडिओवर आई होती, तिच्याकडे सोमवारची सकाळ.

"कितीला गेलं गं?"

सांगितलं.

"पाठवायच्या आधी वाजवून बघ हो परत. टेबलावर आठवडाभर होतं ना तुझ्या."

फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, भांडं तळहातावर घेतलं आणि तिला ऐकू जाईल अशी टिचकी मारली.

"हं," ती म्हणाली, "बांध आता."