ऐरणीवरचा दुसरा घण

आठवडी बाजाराच्या कडेला पाल ठोकून बसलेले घिसाडी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या लेखाचा निम्मा विषय आधीच ठाऊक आहे. पुरुष सांडशीत लाल लोखंड धरतो आणि दुसऱ्या हातातल्या लहान हातोडीने एक ठोका देतो. समोर पदर खोचून उभी असलेली त्याची बायको त्याच जागी घण घालते. पुन्हा हातोडी, पुन्हा घण. हातोडीच्या ठोक्यात जोर नसतो, असते ती खूण : इथे मार, एवढा मार. दोघांपैकी एकाचाही ताल चुकला तर कोयता वाकडा होतो.

जपानी लोहारशाळेतही हेच चाले. उस्ताद लहान हातोडीने खूण करी आणि समोरचा शिष्य मोठा घण घाली. या आळीपाळीच्या ठोक्यांना नाव होते ‘आइझुचि’. ‘आइ’ म्हणजे परस्पर, आणि ‘त्सुचि’ म्हणजे हातोडा. संधी होऊन ‘त्सु’चा ‘झु’ झाला. ‘कोकाजि’ नावाचे एक नो नाटक या शब्दावरच उभे आहे. सम्राट इचिजो मुनेचिका या तलवार घडवणाऱ्याला तलवार करायला सांगतो, पण मुनेचिकापाशी समोरून घण घालू शकेल असा तोलामोलाचा जोडीदार नसतो. तो इनारी देवतेची करुणा भाकतो आणि कोल्ह्याच्या रूपातली दैवी शक्ती येऊन घण घालते. तलवार होते, नाव पडते ‘कोगित्सुनेमारु’, त्यात ‘लहान कोल्हा’ आहेच. सम्राटाचा हुकूम आणि कसलेला कारागीर दोन्ही हजर असूनही दुसऱ्या घणावाचून काम अडते, हे मला त्या कथेतले मर्म वाटते.

आज जपानीत ‘आइझुचि मारणे’ म्हणजे दुसरा बोलत असताना मध्ये मध्ये ‘हाइ’, ‘ए’, ‘उन्’, ‘नारुहोदो’ असे म्हणत राहणे. आपल्याकडचा हुंकार. लोहारशाळेतून आलेला आणखी एक शब्द आहे, ‘तोनचिनकान’. ठोक्यांचा मेळ चुकला की येणारा तो आवाज, असे त्याचे मूळ सांगतात. अर्थ : विसंगत, भलतेच. संभाषण जमले तर आणि फसले तर, दोन्हींचे शब्द एकाच ऐरणीवरून यावेत हा योगायोग मोठा गोड आहे.

मला या विषयात ओढले ते मात्र गोडीने नव्हे. पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षे नोकरी केली. जपानी भाषा संध्याकाळच्या वर्गात आणि पुढे कॅसेट लावून शिकले. आमच्याकडे ती येणारी मी एकटीच, म्हणून जपानी ग्राहकांच्या बैठकीत दुभाषी आणि टिपणे काढणारी, दोन्ही मीच. एकदा दरवाढीची बोलणी होती. पोलादाचा भाव वाढला होता. आमचे साहेब एकेक आकडा मांडत होते, मी जपानीत सांगत होते, आणि समोरचे ज्येष्ठ गृहस्थ प्रत्येक वाक्याला मान लववून ‘हाइ, हाइ… नारुहोदो’ म्हणत होते. मी टिपणात लिहिले : दरवाढ मान्य. आम्हाला सुटे भाग पुरवणारा एक छोटा वर्कशॉपवाला होता. त्याला मीच फोन करून सांगितले, ‘दादा, काम झालं.’ त्याने कर्ज काढून आणखी एक लेथ घेतला. पंधरा दिवसांनी पत्र आले, ‘विचार चालू आहे’. दरवाढ कधीच मिळाली नाही. लेथ वर्षाच्या आत विकावा लागला. मी त्याला समजावायला गेले तेव्हा तो हात पुसत नुसता ‘हो ताई, हो ताई’ म्हणत राहिला.

त्या गृहस्थांनी खोटे काहीच सांगितले नव्हते. ‘हाइ’चा कोशातला अर्थ ‘होय’ हा खरा. पण दुसऱ्याच्या वाक्याच्या मध्येच पडणारा ‘हाइ’ हा ‘ऐकतो आहे, पुढे बोला’ एवढाच. आपण फोनवर ‘हं… हं…’ करतो तेव्हा ऐकणाऱ्याला कुठे घर विकून टाकतो? ‘नारुहोदो’ म्हणजे ‘अस्सं, आता लक्षात आलं’. लक्षात येणे आणि मान्य असणे यांत अंतर आहे. हा शब्द वरिष्ठांपुढे वापरू नये, असे शिष्टाचाराची पुस्तके सांगतात, कारण त्यात वरिष्ठाचे म्हणणे तपासून पाहिल्याचा वास येतो. ‘हाइ’ लागोपाठ दोनदा म्हटला की तो कंटाळ्याचा होतो. ‘उत्तर एकदाच द्यायचं’ असे जपानी आया मुलांना बजावतात. म्हणजे मोजून-मापून घालायचे हे ठोके आहेत.

मोजून-मापून हे मी अक्षरशः म्हणते. अशा प्रतिसादांना इंग्रजीत रूढ असलेली ‘बॅकचॅनल’ ही संज्ञा व्हिक्टर यिंगवे यांनी 1970 मध्ये दिली. सेन्को मेनार्ड यांनी 1980च्या दशकात जपानी आणि अमेरिकी मित्रमैत्रिणींच्या गप्पा ध्वनिचित्रमुद्रित करून ताडून पाहिल्या. जपानी श्रोत्यांचे प्रतिसाद कितीतरी जास्त भरले. शिवाय अमेरिकी श्रोता बहुधा वाक्य पुरे होण्याची वाट पाहतो, तर जपानी श्रोता वाक्याच्या पोटातल्या लहान विरामांतही ठोका घालतो. नायजेल वॉर्ड आणि त्सुकाहारा यांनी 2000 साली बोलणाऱ्याकडून मिळणारी खूण शोधली : बोलणाऱ्याचा सूर सुमारे 110 मिलिसेकंद खाली उतरून राहिला की थोड्याच वेळात ‘उन्’ येण्याचा संभव असतो. लहान हातोडीची खूण ती हीच.

यावर ‘पौर्वात्य विनय’ असा शिक्का मारून मोकळे होणारे बरेच आहेत. पण 1996 मध्ये क्लॅन्सी आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी, जपानी आणि चिनी या तिन्ही भाषांची तुलना केली, तेव्हा सर्वांत कमी प्रतिसाद चिनी बोलणाऱ्यांत आढळले. पूर्व-पश्चिम असा हा हिशोब नाही.

मला उलगडा झाला तो मराठीतून. जपानी माणूस गप्पा मारताना म्हणतो, ‘किनोओ ने, एकि दे ने…’ आपली पोर शाळेतून आली की म्हणते, ‘काल ना, स्टेशनवर ना…’ प्रत्येक ‘ना’पाशी आईचा ‘हं’ आला नाही तर ती पोर आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवते! ‘ने’ आणि ‘ना’ यांचे नाते लावण्याचा मोह अनेकांना होतो. मी तसे काही म्हणत नाही, काम सारखे आहे एवढेच. ‘उकडतंय ना?’ ‘हो ना.’ जपानीत : ‘आत्सुइ देस् ने.’ ‘सोओ देस् ने.’ इथे ‘सोओ देस् का’ म्हटले तर चमत्कारिक वाटते, कारण ‘का’ लावला की ‘असं होय, मला माहीत नव्हतं’ असा भाव येतो आणि समोरच्याला वाटते, हा घाम कुणाचा पुसतोय? आकिओ कामिओ यांनी याची मांडणी माहितीच्या मालकीवरून केली : गोष्ट दोघांची असेल तर ‘ने’. नकारार्थी प्रश्नातही आपण जवळचे. ‘येणार नाही का?’ याला जपानी ‘हाइ, येणार नाही’ असे उत्तर देतो, आणि आपणही ‘हो, नाही येणार’ म्हणतो. इंग्रजी माध्यमातून जपानी शिकणाऱ्यांची इथे जी त्रेधा उडते ती मराठी माणसाची उडण्याचे कारण नाही.

मग मी का फसले? आपला हुंकार घरातला आहे. तो गोष्ट ऐकताना येतो, पोवाड्यात झीलकऱ्यांच्या ‘जी जी’तून येतो. कचेरीत मात्र आपण साहेब बोलताना गप्प बसतो आणि मध्ये ‘हो हो’ करणाऱ्याला नंदीबैल म्हणतो. जपानीत घर आणि कचेरी दोन्हीकडे ठोका हवाच, फक्त ‘उन्’चा ‘हाइ’ होतो. मी फोनवर अदबीने मुकाट ऐकत असे आणि पलीकडून काळजीचे ‘मोशिमोशि?’ येई. लाइन तुटली असे त्यांना वाटे.

नोबुको मिझुतानी यांनी अशा बोलण्याला ‘क्योओवा’, म्हणजे मिळून केलेले बोलणे, असे नाव दिले. एकाने वाक्य अर्धे सोडायचे, दुसऱ्याने पुरे करायचे. त्यात संमती द्यायचीच असेल तर तिचे शब्द वेगळे आहेत. ‘वाकारिमाशिता’ म्हणजे समजले, आणि सूचनेला उत्तर म्हणून आले तर ‘करतो’ही. दुकानदार ग्राहकाला म्हणतो ते ‘काशिकोमारिमाशिता’, त्यात अदबीने बसल्याची छटा आहे. ‘शोओचि शिमाशिता’ आले की बव्हंशी निश्चिंत व्हावे. ‘केन्तोओ शिमास्’, म्हणजे विचार करतो, आले की बहुतेकदा आशा सोडावी.

नोकरी सुटली, तरी अधूनमधून दुभाषी म्हणून बोलावतात. आता बैठक उठण्यापूर्वी मी एक प्रश्न हटकून विचारते, ‘हे ठरले असे धरायचे का?’ मागच्या महिन्यात तो विचारला. तासभर ‘हाइ, हाइ’ म्हणणाऱ्या बाईंनी श्वास आत ओढला आणि लांबवत म्हणाल्या, ‘सोओ देस् नेऽऽ…’ मी टिपणातली ती ओळ कोरी ठेवली.