नोंदीबाहेरची बाग

भिलाईच्या सेक्टरांमधून हिंडताना मला हटकून चंडीगड आठवते. दोन्ही नगरे एकाच दशकात आधी कागदावर उमटली. येथे १९५५ च्या सोव्हिएत करारातून पोलाद कारखाना उभा राहिला, तेथे ल कॉर्बुझिए यांनी राजधानी आखली. अशा नगरांत झाडाचीही जागा ठरलेली असते. सेवेत असताना चंडीगडला पाहिलेले नेकचंद सैनी यांचे रॉक गार्डन म्हणूनच मनातून जात नाही.

नेकचंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यातील रस्ते निरीक्षक. कलेचे शिक्षण शून्य. नव्या नगरासाठी उठवलेल्या खेड्यांच्या मलब्यातून त्यांनी फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, घडीव दगड वेचले. सुखना तलावाजवळच्या, बांधकामास मनाई असलेल्या झाडीत कचेरीची वेळ संपल्यावर ते वर्षानुवर्षे गुपचूप मूर्ती घडवीत राहिले. बांगड्यांची वस्त्रे ल्यालेल्या स्त्रियांच्या त्या रांगा पाहताना इतिहासाच्या विद्यार्थ्याला वाटते, की नकाशाने पुसलेली खेडीच येथे परतली आहेत.

१९७० च्या दशकात हा प्रकार उघडकीस आला. नियमानुसार ते सरळ अतिक्रमण होते. मी त्या खुर्चीवर असतो तर पाडकामाची नोटीस बहुधा काढली असती. तेथील अधिकाऱ्यांनी १९७६ मध्ये बाग लोकांना खुली केली. नेकचंदांना त्याच कामाचा पगार आणि मदतीला मजूर दिले. पुढे रस्त्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा नागरिक आडवे उभे राहिले.

भिलाईलाही हे शहाणपण अपरिचित नाही. जवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई शाळेत शिकलेल्या नाहीत. पुरुषांची मानली गेलेली, उभ्याने गायची कापालिक शैलीतील पंडवानी त्यांनी गायिली. त्यांना पोलाद कारखान्याने नोकरी दिली. २०१९ मध्ये त्या पद्मविभूषण झाल्या.

आज मात्र शहरांतील चौकांमध्ये लोककला येते ती बहुधा निविदेतून. अशा निविदा मी स्वतः तपासल्या आहेत: तीन वर्षांची उलाढाल, पूर्वानुभवाचे दाखले, बयाणा रक्कम. नेकचंद पहिल्याच छाननीत बाद ठरले असते. सुशोभीकरणाच्या खर्चातील लहानसा वाटा तरी या अटींतून वगळून, कारागिराचे काम जागेवर जाऊन पाहून देता येईल. लेखापरीक्षकाला आक्षेप घ्यायचाच असेल, तर त्यानेही आधी ते काम पाहून यावे.