मुद्दाम रुतणारे जहाज

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँचने जाणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते: मोठी ओहोटी लागली, गाळ वर आला, की लाँच बंद! जहाज तळाला टेकणे म्हणजे अपघातच. पण नौदलात एक जहाज असे असते की जे मुद्दाम किनाऱ्यावर नेऊन टेकवतात, तेही ऐन युद्धात. त्याचे नाव लँडिंग शिप टँक, म्हणजेच एलएसटी.

१९४० साली ब्रिटिश सैन्य डंकर्कहून माघारी आले, तेव्हा त्यांना रणगाडे आणि तोफा मागेच सोडाव्या लागल्या. परत जायचे तर बंदरे शत्रूच्या ताब्यात. धक्का नाही, क्रेन नाही. रणगाडा सरळ वाळूवरच उतरला पाहिजे. आता खरी अडचण बघा. महासागर पार करायला जहाज पाण्यात खोल बसलेले हवे आणि किनाऱ्याला लागायला उथळ! यावर उपाय म्हणजे बॅलास्ट टाक्या. भर समुद्रात त्यात पाणी भरायचे, किनारा आला की पंपाने उपसायचे. किनाऱ्याकडे येताना मागे नांगर टाकून ठेवायचा आणि परत निघताना त्याच्याच आधाराने विंचने जहाज मागे खेचायचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अशी हजारावर जहाजे बांधली.

आता थोडे गणित. जहाज १०० मीटर लांब. किनाऱ्याला लागताना ते पुढे सुमारे १ मीटर आणि मागे सुमारे ३ मीटर पाण्यात असते. म्हणजे तळाचा उतार झाला १:५०. किनाऱ्याचा उतारही १:५० असेल तर तळ वाळूवर नीट बसतो आणि दारापुढे पाणी फक्त १ मीटर. पण उतार १:१०० असेल तर? जहाजाचा मागचा भाग आधी टेकतो आणि दारापुढे पाणी राहते २ मीटर! पाठीवर सामान घेतलेल्या जवानाच्या डोक्यावरून जाईल एवढे.

डिसेंबर १९७१ मध्ये आपल्या नौदलाला वाळूने असाच धडा दिला. पाकिस्तानी सैन्याला ब्रह्मदेशाकडे पळता येऊ नये म्हणून कॉक्स बाजारजवळ जवान उतरवायचे ठरले. 'विश्व विजय' या व्यापारी जहाजातून आलेले जवान 'घडियाल' आणि 'गुलदार' या लँडिंग जहाजांवर चढवले गेले. ही दोन्ही पोलिश बनावटीची, एलएसटीपेक्षा लहान. पण किनाऱ्याच्या उताराची पुरेशी माहिती हाताशी नव्हती. जहाजे टेकली ती वाळूच्या उंचवट्यावर. त्यापलीकडे, किनाऱ्याच्या बाजूला, पाणी पुन्हा खोल. उतरताना दोन जवान बुडाले. बाकीचे पुढच्या काही दिवसांत होड्यांच्या मदतीने उतरले. समोर शत्रू नव्हता, गोळीबार नव्हता. जीव घेतला तो न मोजलेल्या पाण्याने.

याच्या उलट नॉर्मंडीचे उदाहरण घ्या. तिथे लँडिंग झाले जून १९४४ मध्ये, पण त्याआधी पाच महिने, १९४३ च्या शेवटच्या रात्री, दोन ब्रिटिश सैनिक पोहत किनाऱ्यावर गेले आणि शत्रूच्या नाकाखालून वाळूचे नमुने घेऊन आले. रणगाड्याचे वजन वाळू पेलेल की नाही, हे आधी कळायला हवे होते ना!

पुढे आपल्याकडे दुसरी 'गुलदार' आली: ८३.९ मीटर लांब, १९८५ साली पोलंडमध्ये नौदलात दाखल झालेली. 'चीता', 'गुलदार' आणि 'कुंभीर' या तिघींनी मिळून तेराशेहून अधिक वेळा किनारा गाठला. श्रीलंकेतील शांतिसेनेच्या मोहिमेतही त्या होत्या. जानेवारी २०२४ मध्ये तिघी निवृत्त झाल्या. त्यानंतर 'गुलदार' महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवली गेली, ती सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करण्यासाठी. जन्मभर किनाऱ्यावर टेकणाऱ्या जहाजासाठी शेवटचा मुक्काम ठरला तो थेट समुद्राच्या तळाशी, आपल्या कोकणात.

तेव्हा मित्रांनो, सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला उन्हात स्टाफ धरून उभे राहताना कंटाळा आला, तर कॉक्स बाजार आठवा. रीडिंग मनाने टाकू नका!